डोंगरावरचं बोलणं: हर्मेटिक दीक्षेवरच्या श्राव्यमालिकेच्या कामाच्या नोंदी

१२ जून

आराखडा आज नक्की झाला. चार भाग, प्रत्येक साधारण पंचवीस मिनिटांचा. विषय हर्मेटिक परंपरा, म्हणजे हर्मीस नावाच्या गुरूच्या नावावर चालत आलेले ग्रंथ आणि शिकवण, पण सगळी नाही. किमया, ग्रहतारे, ताईत-तोडगे हे बाजूला ठेवायचं. प्रश्न एकच धरायचा: या ग्रंथांत गुरू शिष्याला दीक्षा देतो म्हणजे नेमकं करतो काय?

हा विषय काढला की समोरचा हमखास 'सात हर्मेटिक नियम' घेऊन येतो. सगळं मन आहे, वर तसं खाली, सगळं कंप पावतं, वगैरे. आणि हे नियम हजारो वर्षांपूर्वीच्या इजिप्ती पुजाऱ्यांचे, असंही ठोकून देतो. हे सात नियम १९०८ साली शिकागोत निघालेल्या 'द किबॅलियन' या पुस्तकातले. लेखकाच्या जागी 'तीन दीक्षित' एवढंच छापलेलं. अभ्यासक ते विल्यम वॉकर ॲटकिन्सनचं मानतात. हाच गृहस्थ 'योगी रामचरक' या नावाने प्राणायामावर आणि हठयोगावर पुस्तकं लिहायचा. प्रकाशनही तेच, योगी पब्लिकेशन सोसायटी. म्हणजे पेशाने वकील असलेल्या एका अमेरिकन माणसाने जगाला योगही शिकवला आणि हर्मीसही. त्याच्यावर राग नाही, पण सुरुवात त्याच्यापासून करायची नाही. तो चौथ्या भागात येईल.

१५ जून

टेबलावर काय काय जमलंय ते लिहून ठेवते.

ग्रीकमधला 'कॉर्पस हर्मेटिकम'. प्रकरणं सतरा, क्रमांक मात्र अठरापर्यंत जातात, कारण पंधरावं नाहीच. सोळाव्या शतकातल्या छापील आवृत्तीत त्या जागी दुसरीकडचे उतारे घातले होते. पुढच्या संपादकांनी उतारे काढले आणि बाकीच्या प्रकरणांचे क्रमांक तसेच राहू दिले. रचना साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. त्याशिवाय 'आस्क्लेपियस', जो पूर्ण रूपात फक्त लॅटिनमध्ये उरला. स्टोबायसने पाचव्या शतकात आपल्या संग्रहात उतरवून घेतलेले तुकडे. आणि नाग हम्मादी: डिसेंबर १९४५मध्ये दक्षिण इजिप्तमध्ये जबल अल-तारिफच्या पायथ्याशी सापडलेल्या कॉप्टिक, म्हणजे उत्तरकालीन इजिप्ती भाषेतल्या, पोथ्या. त्यांतल्या सहाव्या पोथीत तीन हर्मेटिक मजकूर आहेत आणि त्यांतला एक तोवर जगात कुणाला ठाऊकच नव्हता. तो आमचा मुख्य ऐवज.

इंग्रजीत मीडचे १९०६चे तीन खंड हक्कमुक्त आहेत, पण भाषा जुन्या बायबलच्या वळणाची. ऐकणारा पहिल्या पाच मिनिटांत पेंगेल. कोपेनहेवरचा १९९२चा अनुवाद नेमका आहे, पण त्याचे हक्क राखीव. म्हणून संवाद आम्ही आमच्याच शब्दांत सांगणार. आशय या दोघांशी ताडून घ्यायचा.

जाता जाता: मॅनेथो या इजिप्ती पुजाऱ्याच्या मते हर्मीसने ३६,५२५ ग्रंथ लिहिले, असं तत्त्वज्ञ इयाम्ब्लिकस सांगतो. वर्षाचे ३६५.२५ दिवस गुणिले शंभर! पंचांग मांडीवर घेऊनच कुणीतरी हा आकडा काढला असणार. निवेदनात घ्यायचाच.

१९ जून

हर्मीस कोण, हे चार मिनिटांत बसवायचं. मध्य इजिप्तमध्ये ख्मुन नावाचं शहर, आजचं अल-अश्मुनैन. तिथला देव थॉथ. लेखनाचा, मोजमापाचा, चंद्राचा. डोकं आयबिस पक्ष्याचं, म्हणजे आपल्या तळ्याकाठी दिसणाऱ्या पांढऱ्या शराटीच्या भाऊबंदाचं. ग्रीकांनी त्याच्यात आपला हर्मीस पाहिला आणि शहराला हर्मोपोलिस म्हटलं. रोझेटा शिलालेखाच्या ग्रीक भागात (इ.स.पू. १९६) 'हर्मीस महान आणि महान' असा उल्लेख आहे. थोरवी सांगायची तर तेच विशेषण पुन्हा पुन्हा म्हणायचं, ही इजिप्ती रीत. त्यातूनच पुढे 'त्रिवार महान', म्हणजे ट्रिसमेजिस्टस.

एवढं पुरे. या ग्रंथांतला हर्मीस देव कमी आणि शिक्षक जास्त आहे. टॅट नावाचा मुलगा, आस्क्लेपियस, अम्मोन असे त्याचे मोजके श्रोते. 'आस्क्लेपियस' या ग्रंथात तर तो बजावतो की चौघांपलीकडे कुणाला आत घेऊ नका, जास्त गर्दी झाली की बोलण्याचा गंभीरपणा जातो.

२४ जून

पहिल्या भागाची संहिता झाली: पोइमांद्रीस, म्हणजे कॉर्पसमधलं पहिलं प्रकरण. निवेदक विचारात बुडालेला असतो, शरीराच्या जाणिवा झोपेत गेल्यासारख्या, आणि समोर एक अफाट आकृती उभी राहते: काय ऐकायचंय, काय पाहायचंय, काय जाणून घ्यायचंय, बोल. मग सृष्टी कशी झाली, माणूस कसा उतरला आणि शेवटी मेल्यावर वर कसा जातो.

वर जाण्याचा हा भाग ध्वनीसाठी सोन्यासारखा आहे. आत्मा सात कक्षा ओलांडतो आणि प्रत्येक कक्षेपाशी काहीतरी ठेवून पुढे जातो. पहिल्या कक्षेत वाढ आणि घट. दुसरीत कारस्थान. तिसरीत वासनेची भूल. चौथीत सत्तेचा तोरा. पाचवीत अविचारी धाडस. सहावीत पैशाची हाव. सातवीत टपून बसलेलं खोटेपण. मग नुसता, स्वतःच्या बळावर, तो आठव्यात पोचतो आणि तिथल्यांबरोबर स्तुती गाऊ लागतो.

ग्रहांची नावं मूळ मजकुरात या जागी दिलेली नाहीत, पण क्रम सरळ ओळखू येतो: चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी. ध्वनिमुद्रक म्हणाला, "हा कसला क्रम? वारांचा तर नाही." वारांचाच आहे, फक्त आडवळणाने. हा क्रम शनीपासून उलटा लावायचा आणि दिवसाच्या चोवीस होरांना एकेक ग्रह वाटत जायचा. शनिवारचा पहिला होरा शनीचा धरला तर दुसऱ्या दिवशीचा पहिला बरोबर रवीचा येतो, त्यापुढच्या दिवशीचा सोमाचा. पंचांगातलं होऱ्याचं कोष्टक याच हिशेबाने चालतं. हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक, ज्योतिषातून हा ठोकताळा भारतात आला आणि इतका मुरला की आता कुणाला तो परका वाटत नाही. ध्वनिमुद्रकाने लगेच सात कक्षांना सात वेगळे सूर लावायचं ठरवलं. मी नको म्हटलं. प्रत्येक कक्षेत सूर वाढायला नकोय, एकेक वाद्य गळायला हवं. आत्मा काही मिळवत नाही इथे, टाकत चाललाय.

याच प्रकरणाचा शेवट मला फार आवडतो. साक्षात्कार झालेला हा माणूस बाहेर पडून लोकांना उपदेश करतो. काही जण थट्टा करून निघून जातात, काही त्याच्या पायाशी लोळण घेतात. तो त्यांना उठवतो, शिकवतो. संध्याकाळ होते, उजेड जातो, तो सांगतो आता देवाचे आभार माना. आभार मानून जो तो आपापल्या अंथरुणाकडे जातो. दीक्षेचा पहिला दिवस असा संपतो. बिल्ला नाही, नवं नाव नाही.

२ जुलै

दुसरा भाग, कॉर्पसच्या तेराव्या प्रकरणाचं ध्वनिमुद्रण. हर्मीससाठी जुने नाट्यकलाकार, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. टॅटसाठी एकांकिका करणारा कॉलेजचा मुलगा.

मुलगा आला तो अगदी हात जोडलेल्या भाविकाच्या सुरात वाचायला लागला. थांबवलं. टॅट भाविक नाहीच, तो वैतागलेला आहे. डोंगरावरून उतरताना मी तुझ्या मागे लागलो होतो, तू म्हणालास जगाला परका झालास की सांगेन. झालो मी परका, आता सांग. त्यावर हर्मीस काय सांगतो? गर्भ म्हणजे मौनातलं शहाणपण, बीज म्हणजे खरं चांगलं. पोराने विचारावं तरी काय! तो म्हणतो, तुम्ही मला कोडी घालताय, बाप मुलाशी बोलतो तसं बोलत नाही. पुढे तर विचारतो, मी काय परक्याचा आहे का?

"चिडून बोल रे," काका म्हणाले, "मी तुझा बाप आहे, देव नाही." मग जमलं. दुसऱ्या वाचनात त्याने 'परक्याचा आहे का' हे इतकं खालच्या आवाजात टाकलं की ध्वनिमुद्रकाने मान वर करून पाहिलं. तेच ठेवलंय.

मधला भाग अवघड. हर्मीस सांगतो, तुझ्यात बारा छळणारे आहेत: अज्ञान, दुःख, असंयम, वासना, अन्याय, लोभ, कपट, मत्सर, दगा, राग, उतावळेपणा, द्वेष. ते राशिचक्राच्या बारा घरांतून आलेले. त्यांना हुसकायला दहा शक्ती येतात. ईश्वराचं ज्ञान येतं, अज्ञान जातं. आनंद येतो, दुःख पळतं. मग संयम, धीर, न्याय, देतेपण, सत्य. घर तेच, जुने भाडेकरू एकेक करून बाहेर आणि नवे आत. सत्यापाठोपाठ चांगुलपणा येतो, प्राण आणि प्रकाश सोबत घेऊन, आणि उरलेसुरले एकदम पळ काढतात.

दहांनी बाराजणांना हुसकायचं, हिशेब बसतो का? टॅटलाही हे खटकलेलं असावं, कारण ग्रंथ स्वतःच खुलासा करतो: बारांतले काही जोडीने वावरतात, उतावळेपणा रागापासून वेगळा काढताच येत नाही. मला हे उत्तर पटतं. आकडेमोड म्हणून नाही, अनुभव म्हणून. रागाच्या भरात धाडलेली पत्रं आठवा.

मुख्य गोष्ट ही की हे सगळं बोलता बोलताच होतं. मंत्र नाही, स्पर्श नाही, अभिषेक नाही. हर्मीस एकेका शक्तीचं नाव घेऊन तिला हाक मारतो आणि ती आली असं म्हणतो. लगेच टॅट म्हणतो, मी आकाशात आहे, पृथ्वीत, पाण्यात, हवेत, प्राण्यांत, झाडांत, गर्भात, गर्भाआधी, गर्भानंतर, सगळीकडे. तयारी म्हणून एवढंच सांगितलंय: आत ओढून घे, येईल; इच्छा कर, होईल; इंद्रियांना स्वस्थ बसव.

त्यानंतरचं स्तोत्र मावळतीला उघड्यावर दक्षिणेकडे तोंड करून म्हणायचं आणि उगवतीला पूर्वेकडे. कृतीची सूचना अशी ही एकच. काकांनी स्तोत्र बसून म्हटलं, मग म्हणाले उभ्याने घेऊ. उभ्याने जास्त चांगलं झालं.

९ जुलै

तिसरा भाग, नाग हम्मादीतला 'आठव्या आणि नवव्याविषयी'. यातला शिष्य नवखा नाही. त्याने 'सामान्य' आणि 'सविस्तर' अशी व्याख्यानं आधीच वाचून पचवली आहेत, सातव्यापर्यंत पोचलाय, आणि आता म्हणतो: काल तुम्ही वचन दिलंत, माझं मन आठव्यात नेईन, नंतर नवव्यात. वचनाची आठवण करून देणारा शिष्य इथेही आहेच. या परंपरेतला शिष्य अजिबात गप्प बसत नाही.

गुरू-शिष्य प्रार्थना करतात, तीत मध्येच ग्रीक स्वरांच्या रांगा येतात, वाढत वाढत जाणाऱ्या. मग गुरू म्हणतो, प्रेमाने एकमेकांना भेटू या. आलिंगन होतं आणि तिथेच उजेड येतो. विशेष म्हणजे आधी पाहतो तो गुरू. तो म्हणतो, मला अथांग खोली दिसते आहे, मला मी दिसतो आहे, जीवनाने उसळणारा झरा दिसतो आहे, हे शब्दांत सांगता येत नाही. आठव्यातले आत्मे आणि देवदूत मौनात स्तोत्र गातात. शिष्य म्हणतो, मलाही गायचंय. गुरू सांगतो: मग गप्प राहून गा.

ध्वनिमुद्रक हेडफोन काढून म्हणाला, "ते मौनात गाणार, मग मी रेकॉर्ड काय करू?"

बरोबर आहे त्याचं. ऐकणाऱ्याला शांतता म्हणजे बंद पडलेला मोबाइल. बराच वेळ वाद घातला. तानपुरा नको, शंख-घंटा तर मुळीच नको. शेवटी त्याने खोलीचाच आवाज घेतला: दोघे कलाकार माइकसमोर उभे, पंखा बंद, कुणी बोलत नाही. माणसं असलेल्या खोलीची शांतता आणि रिकाम्या खोलीची शांतता वेगळी ऐकू येते, हे मला आज कळलं. श्वास ऐकू येतात. बारा सेकंद ठेवलेत. जास्त ठेवले असते, पण ऐकणारा पुढे ढकलणार.

स्वरांच्या रांगांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काका म्हणतात षड्जावर लावू. माझं म्हणणं, आपलं संगीत त्यात आलं की ऐकणारा 'अरे, हा तर ओंकार' म्हणून मोकळा होईल. ते मला नकोय. हे ग्रीक-इजिप्ती स्वर आहेत, सात स्वर सात ग्रहांना वाहिलेले, त्या काळच्या मंत्रतंत्राच्या पपायरसांत जागोजाग सापडणारे. सपाट आवाजात घ्यायचे.

साक्षात्कारानंतर लगेच कागदपत्रांचं काम निघतं! हे पुस्तक फिरोजी रंगाच्या शिलांवर चित्रलिपीत कोरून डिओस्पोलिसच्या मंदिरात ठेव. आठ रक्षक ठेव: उजवीकडे बेडूकतोंडे पुरुष, डावीकडे मांजरतोंड्या स्त्रिया. मी, म्हणजे बुध, कन्या राशीत असताना, सूर्य दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात असताना हे कर. वाचणाऱ्याकडून शपथ घे की तो याचा वाईट वापर करणार नाही. हर्मोपोलिसच्या जुन्या आठ देवता बेडूक आणि सापाच्या तोंडाच्या होत्या. तिथूनच हे बेडूक आलेत असं अभ्यासक मानतात. सगळं ग्रीक तत्त्वज्ञान म्हणणाऱ्यांना हे बेडूक दाखवायला हवेत.

१० जुलै

कालच्यालाच जोडून. त्याच पोथीत पुढे आभाराची प्रार्थना आहे. तीच प्रार्थना लॅटिन आस्क्लेपियसच्या शेवटी आहे आणि लूव्रमधल्या एका ग्रीक पपायरसातही. तीन भाषांत तीन ठिकाणी टिकलेला मजकूर, म्हणजे लोक ती खरोखर म्हणत असणार.

'आस्क्लेपियस' ग्रंथात प्रार्थनेआधी एक छोटा प्रसंग घडतो. आस्क्लेपियस टॅटच्या कानात कुजबुजतो: वडिलांना सांग ना, धूप-ऊद लावून प्रार्थना करू या. हर्मीस ऐकतो आणि अस्वस्थ होतो. अपशकुन, आस्क्लेपियस, मोठा अपशकुन! ज्याच्यात सगळं आहे त्याला धूप कसला जाळतोस? आपण आभार मानू, तेच त्याला उदबत्तीपेक्षा मोठं.

आणि प्रार्थना झाल्यावर कॉप्टिक पोथी सांगते: त्यांनी एकमेकांना आलिंगन दिलं आणि ते आपलं पवित्र अन्न घ्यायला गेले, ज्यात रक्त नसतं.

हे वाचून दाखवल्यावर काकांचा पहिला प्रश्न, "म्हणजे शाकाहारी पंगत?" हो, पंगतच. हा प्रसंग तिसऱ्या भागाच्या शेवटी न ठेवता पहिल्या भागाच्या सुरुवातीला आणायचा ठरवलं. मालिका 'वर तसं खाली' ने उघडणार नाही. धूप नाकारणाऱ्या गुरूने आणि जेवायला उठलेल्या माणसांनी उघडेल.

१३ जुलै

असे गट खरंच होते का, की हे सगळं कागदावरचं? फेस्त्युजिएर या फ्रेंच अभ्यासकाने हे साहित्य मोलाने संपादलं, पण त्याला यामागे मंदिर, संघ, विधी काही दिसत नव्हतं. आलिंगन, जेवण, शपथ असलेला कॉप्टिक मजकूर वाचल्यावर फाउडेनसारख्या अभ्यासकांनी छोट्या मंडळांची शक्यता मांडली. वास्तू एकही सापडलेली नाही. सापडेल असं मला वाटतही नाही. चार माणसं एका खोलीत बसली तर मागे उरणार काय?

एक साक्ष मात्र भक्कम आहे. पॅनोपोलिसचा किमयागार झोसिमस (सुमारे इ.स. ३००) थिओसेबिया या शिष्येला लिहितो: देव शोधत इकडेतिकडे पळू नकोस, घरी बस, शरीर आणि विकार शांत कर, तो येईल. मग त्या पात्रात स्नान कर आणि पोइमांद्रीसकडे धाव घे. पात्र म्हणजे चौथ्या प्रकरणातलं, बुद्धीने भरून देवाने खाली पाठवलेलं. म्हणजे ग्रंथ वाचून त्याप्रमाणे वागणारं खरं माणूस तिसऱ्या-चौथ्या शतकात होतं, आणि एक बाईमाणूसही त्यात होतं. दोन मिनिटं द्यायची.

२१ जुलै

फ्लोरेन्सचा भाग झटपट उरकला, कारण तो सगळीकडे सांगितला जातो. १४६०च्या सुमारास पिस्तोयाच्या लिओनार्दो नावाच्या साधूने मॅसेडोनियातून ग्रीक हस्तलिखित आणलं. फ्लोरेन्सचा म्हातारा सत्ताधीश कोझिमो द मेदिची आपल्या अनुवादकाला, फिचिनोला, म्हणाला, प्लेटोचा अनुवाद थांबव, आधी हे कर. १४६३मध्ये अनुवाद झाला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोझिमो गेला, १४७१मध्ये त्रेवीसोत पुस्तक छापलं गेलं. हर्मीस मोझेसच्या काळचा, असं तेव्हा सगळे मानत होते. सिएनाच्या कॅथेड्रलमध्ये १४८८च्या फरशीवर तसं कोरून ठेवलंय.

वेळ दिला तो रोमला. ११ एप्रिल १४८४, झावळ्यांचा रविवार. जोव्हान्नी दा कोर्रेज्जो नावाचा माणूस डोक्यावर काट्यांचा मुकुट आणि त्यावर चंद्रकोर लावून गाढवावरून निघतो. चंद्रकोरीवर लिहिलंय: हा माझा पिमांदर (म्हणजे पोइमांद्रीसच), ज्याला मी निवडलं. त्याचा शिष्य कवी लाझ्झारेल्ली. पुढे त्याने राजाला दीक्षा देणारा संवाद लिहिला, हर्मीसच्या पात्राचंच नाव घेऊन. अभ्यासकांना फिचिनो आवडतो, मला हे दोघे. फिचिनोने ग्रंथ वाचला, यांनी तो अंगावर घेतला. वेडेपणा होताच. पण दीक्षेच्या मालिकेत यांना वगळून कसं चालेल?

२९ जुलै

१६१४. त्याच वर्षी लंडनमध्ये इझाक कासोबों या ग्रीक पंडिताने भाषेच्या आधारे दाखवलं की हे ग्रंथ मोझेसच्या काळचे असूच शकत नाहीत, ख्रिस्तानंतरचे आहेत. आणि त्याच वर्षी कासेलमध्ये 'फामा' छापली गेली: ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्झच्या गुप्त बंधुसंघाची गोष्ट. भिंतीमागे सात बाजूंची कबर, प्रत्येक बाजू पाच फूट रुंद, आठ फूट उंच, दारावर लिहिलेलं, एकशेवीस वर्षांनी उघडेन. एकीकडे पुरातनपणाचा आधार निखळला आणि दुसरीकडे संघाची कल्पना जन्मली. दीक्षा ग्रंथातून निघून दालनात गेली ती इथून, असं माझं मत.

पुढे अठराव्या शतकात जर्मनीत नऊ पायऱ्यांचा गोल्ड उंड रोझेनक्रॉइट्झर हा संघ, आणि १८८८मध्ये लंडनला गोल्डन डॉन ही दीक्षासंस्था. वेस्टकॉट, मॅदर्स, वुडमन हे तिघे संस्थापक फ्रीमेसन या बंधुसंघातले. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी, कमरेभोवती दोराचे तीन वेढे, गुप्ततेची शपथ. मग पृथ्वी, वायू, जल, अग्नी अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला अभ्यास: हिब्रू मुळाक्षरं, राशींची चिन्हं. पाठ करा, परीक्षा द्या. वरच्या वर्तुळात जायचं तर सात भिंतींच्या रंगवलेल्या दालनात जावं लागे. भिंतींची मापं? पाच फूट आणि आठ फूट. 'फामा'तून जशीच्या तशी उचललेली.

ध्वनिमुद्रकाला हा भाग सर्वांत आवडला. दोर, पट्टी, पावलं, दार. त्याला काम मिळालं. मलाही याची टिंगल करायची नाही. कवी येट्स १८९०मध्ये यात आला आणि या शिस्तीचा त्याला उपयोग झाला. स्त्रियांना पहिल्यापासून बरोबरीने प्रवेश होता, हे त्या लंडनमध्ये थोडं नव्हे. पण एक फरक निवेदनात स्पष्ट सांगायचा: टॅटला कुणी पायरी दिली नव्हती. आठव्यात गेलेला शिष्य कुणाचा वरिष्ठ झाला नाही. गोल्डन डॉन १९००मध्ये फुटली ती वरिष्ठ कोण यावरूनच.

५ ऑगस्ट

मुंबईचा धागा. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑलकॉट १६ फेब्रुवारी १८७९ला मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, त्याच ऑक्टोबरात 'थिऑसॉफिस्ट' मासिक काढलं, आणि १८८२च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला गेले. थिऑसॉफीच्या लंडन शाखेची अध्यक्ष ॲना किंग्सफर्ड, पॅरिसमध्ये वैद्यकीची पदवी घेतलेली, कट्टर शाकाहारी. तिला हिमालयातल्या महात्म्यांपेक्षा हर्मीस जवळचा वाटला, म्हणून १८८४मध्ये तिने वेगळी हर्मेटिक सोसायटी काढली. आणि ब्लाव्हाट्स्कीचा शेवटचा सचिव जी. आर. एस. मीड, ज्याचे तीन खंड माझ्या टेबलावर आहेत.

मुंबईकर ऐकणाऱ्यांसाठी हे ताणून दहा मिनिटं करायचा मोह होतो. पण गिरगावात हर्मेटिक दीक्षा झाली असं काही नाही. तीन मिनिटं, बास.

११ ऑगस्ट

चौथा भाग. 'वर तसं खाली' कुठून आलं? पाचूच्या पाटीतून, जी सर्वांत जुन्या रूपात अरबीत आहे, बालिनासच्या नावावरच्या सृष्टिरहस्याच्या ग्रंथात, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपास. गोष्ट अशी की हर्मीसच्या पुतळ्याखालच्या भुयारात सोन्याच्या आसनावर म्हातारा बसलेला, हातात पाचूची पाटी. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये आली. न्यूटनने स्वतःच्या हाताने तिचं इंग्रजी करून ठेवलं, ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आहे. पण कॉर्पसच्या सतरा प्रकरणांत हे वाक्य नाही.

मग किबॅलियन. न्याय करायचा तर त्यातला पहिला नियम, सगळं मन आहे, हा जुन्या ग्रंथांच्या वाऱ्याला उभा राहू शकतो. कंपनाचा नियम मात्र त्या काळच्या लोकप्रिय विज्ञानाच्या भाषेतला. खरा फरक नियमांत नाहीच. जुन्या ग्रंथात शिष्य काहीतरी टाकून देतो आणि शेवटी आभार मानतो. शिकागोच्या पुस्तकात वाचक नियम शिकून परिस्थितीवर ताबा मिळवतो. स्तोत्र नाही, आभार नाहीत, दुसरं माणूसच नाही. एकट्याने वाचायचं आणि वापरायचं.

काकांनी हे वाचून विचारलं, "मग लोकांना हेच का आवडतं?" म्हटलं, काका, वापरता येतं म्हणून. ते म्हणाले, "तेवढं तरी लिही." लिहिलं.

१७ ऑगस्ट

चारही भाग संकलनाला दिले. तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रुनो पूर्ण कापला. त्याला १६००मध्ये जाळलं ही गोष्ट ऐकणाऱ्याला हलवते, पण दीक्षेबद्दल काही सांगत नाही. हार्रानचे साबियनही गेले, त्यांचं दुःख आहे. हर्मीसला पैगंबर इद्रिस मानणारी ती माणसं, त्यांना स्वतंत्र भाग हवा. स्वरांच्या रांगा काकांनी अखेर सपाट आवाजात घेतल्या, कुरकुर करत.

नावावरून शेवटची ओढाताण झाली. मला 'डोंगरावरचं बोलणं' हवं होतं. ध्वनिमुद्रक म्हणाला, ताई, या नावाने कुणी शोधणार नाही, लोक 'सात हर्मेटिक नियम' असंच शोधतात. त्याचं खरं आहे. मालिकेचं नाव माझं राहिलं आणि चौथ्या भागाचं शीर्षक त्याचं: 'सात हर्मेटिक नियम आले कुठून?' पहिला भाग त्यानंतर ऐका, अशी सूचना त्याच्या वर्णनात टाकायची आहे. उद्या करते.